एका बोर्डवरच्या चार रॉम : प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५

भट्टीचे तापमान राखणारा एक जुना नियंत्रक दुरुस्तीसाठी हाती घेतला आहे. वीज दिल्यावर त्याच्या डॉट मॅट्रिक्स फलकावर स्मृतीदोषाची सूचना उमटते आणि यंत्र तिथेच थांबते. बोर्डवर ८०३१ हा मायक्रोकंट्रोलर आहे. ८०५१ मध्ये ४ किलोबाइटची रॉम, म्हणजे फक्त वाचता येणारी स्मृती, आतच असते आणि ८७५१ मध्ये तिच्या जागी तेवढीच ईप्रॉम, म्हणजे अतिनील प्रकाशाने पुसून पुन्हा लिहिता येणारी रॉम, असते, पण ८०३१ मध्ये यांपैकी काहीच नसते. त्यामुळे पहिल्या सूचनेपासून सगळे काही त्याला बाहेरच्या चिपमधून वाचावे लागते. बाहेरची चिप बिघडली की प्रोसेसर शाबूत असूनही निरुपयोगी ठरतो.

बोर्ड नीट पाहिल्यावर एक गंमत लक्षात आली. केवल-वाचन स्मृतीचे चार निरनिराळे प्रकार त्यावर शेजारी शेजारी बसलेले आहेत. फलकावरच्या अक्षरांचे आकार एका मास्क रॉममध्ये आहेत. कोणत्या पत्त्याला कोणती चिप जागी करायची, हे ८२एस१२३ ही बायपोलर प्रॉम, म्हणजे एकदाच लिहिता येणारी रॉम, ठरवते. मुख्य प्रोग्राम खिडकी असलेल्या २७६४ ईप्रॉममध्ये आहे आणि अंशांकनाचे आकडे ९३सी४६ या आठ पिनांच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे विजेनेच पुसता येणाऱ्या रॉममध्ये, आहेत. चौघींचे काम एकच, वीज गेली तरी मजकूर धरून ठेवण्याचे. पण प्रत्येकीची धरून ठेवण्याची रीत वेगळी आहे आणि म्हणून विसरण्याची रीतही वेगळी असणार.

ईप्रॉमच्या खिडकीवरची चिकटपट्टी गळून पडलेली आहे आणि काच उघडी आहे. संशयाची सुई अर्थातच तिकडे वळते. आज एवढेच केले की काचेवर अपारदर्शक पट्टी लावली.

१४ जानेवारी

वाचनयंत्र तयार केले. एक लहान मायक्रोकंट्रोलर पत्ते क्रमाने देतो, आठ वाहिन्यांवरचा बाइट टिपतो आणि संगणकाकडे पाठवतो. बाजारात मिळणारा प्रोग्रामर न वापरता हा खटाटोप करण्याचे कारण असे की मला पुरवठ्याचे व्होल्टेज माझ्या इच्छेप्रमाणे बदलता यायला हवे होते, आणि साधे प्रोग्रामर ती मुभा देत नाहीत. वाचणारा मायक्रोकंट्रोलर आणि वाचली जाणारी चिप यांना एकच बदलता येणारा पुरवठा जोडला आहे, म्हणजे चिपच्या कोणत्याही पिनवर तिच्या स्वतःच्या पुरवठ्यापेक्षा जास्त दाब कधीच येणार नाही.

सुरुवात मास्क रॉमपासून करायची असे ठरवले. वाचनयंत्रात काही चूक राहिली असेल तर ती तिच्यावरच उघडकीस आलेली बरी, कारण चौघींमध्ये तीच सर्वांत निगरगट्ट आहे.

१८ जानेवारी

मास्क रॉममधला मजकूर कारखान्यातच, चिप घडवतानाच्या एका मुखवट्यातून ठरतो. त्या जागी ट्रान्झिस्टर जोडला गेला की नाही, यावर बिट ० की १ हे अवलंबून असते. इथे मजकूर साठवलेला नसतो, तो बांधलेला असतो. मोठ्या संख्येने चिप्स हव्या असतील तर याहून स्वस्त मार्ग नाही. मात्र एका बाइटची चूक राहून गेली तर तयार झालेला सगळा माल टाकून द्यावा लागतो. हीच कल्पना अपोलो यानांच्या मार्गदर्शक संगणकात तारांनी साकारली होती: चुंबकीय कड्यातून तार ओवली तर १ आणि बाजूने नेली तर ०, अशा रीतीने ३६,८६४ शब्दांची स्थिर स्मृती अक्षरशः विणली गेली होती. विणकाम सुरू झाल्यावर प्रोग्राम बदलणे किती जड जात असेल, हे वेगळे सांगायला नको.

आमच्या चिपवर फक्त कारखान्याचा अंतर्गत क्रमांक आहे. २४ पिना आणि जोडण्या पाहता ती २३१६ या २ किलोबाइटच्या जातीची दिसली. ही जात २७१६ ईप्रॉमच्या जागी बसावी अशीच आखलेली आहे, पण तिच्यात एक खोच आहे. १८, २० आणि २१ या तीन पिना चिप निवडण्यासाठी असतात आणि त्यांपैकी प्रत्येक पिन वरच्या पातळीला जागी होते की खालच्या, हेही मुखवट्यातच ठरवले जाते. म्हणजे शक्यता आठ. आठही आळीपाळीने देऊन पाहिल्या. सातांमध्ये सर्व बाइट एफएफ (षोडशमानात, म्हणजे आठही बिट १) आले आणि एकात मजकूर आला. मात्र एफएफ हे खरेच चिपचे उत्तर आहे की वाहिन्या मोकळ्या आहेत, हे ठरवण्यासाठी वाहिन्यांना वर ओढणारे रोध काढून खाली ओढणारे लावले. तेव्हा त्या सातांमध्ये सर्वत्र ०० आले आणि आठव्यातला मजकूर जसाच्या तसा राहिला. मोकळी वाहिनी ऐकणाऱ्याच्या मनातले उत्तर देते, ही गोष्ट पुढेही लक्षात ठेवावी लागेल.

मजकूर तपासणे सोपे गेले. प्रत्येक अक्षराला आठ बाइट आहेत. १ च्या जागी ठिपका आणि ० च्या जागी मोकळी जागा छापली की पडद्यावर अक्षरे उभी राहतात. एखादा बिट चुकला असता तर अक्षराला चामखीळ आल्यासारखी दिसली असती. तशी एकही दिसली नाही. ४.५ आणि ५.५ व्होल्टला घेतलेली वाचनेही तंतोतंत जुळली.

२१ जानेवारी

८२एस१२३ वाचली. ३२ शब्द, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे एकूण २५६ बिट. सगळा मजकूर वहीच्या एका पानावर मावला.

हिला स्मृती म्हणण्यापेक्षा तर्कजाल म्हणणे जास्त योग्य ठरेल. ८०३१ च्या पत्त्याच्या वरच्या पाच वाहिन्या तिच्या पाच आदानांना जोडलेल्या आहेत, त्यामुळे ६४ किलोबाइटच्या अवकाशाचे २ किलोबाइटचे ३२ तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यासाठी आठ निर्गत वाहिन्यांपैकी कोणती खाली जायची, हे एका शब्दात लिहिलेले असते. ३२ पैकी २६ शब्दांत सगळे बिट १ आहेत आणि उरलेल्या सहांत नेमका एकेक ० आहे. म्हणजे सहाच तुकडे वापरात आहेत. हेच काम सुट्या गेट्सनी केले असते तर तीन-चार चिप्स लागल्या असत्या आणि पुढे एखादा पत्ता बदलायचा झाला तर तांब्याच्या रेषा कापाव्या लागल्या असत्या. रॉम वापरून कोणताही सत्यता तक्ता तसाच्या तसा उतरवता येतो. फक्त आदाने वाढली की तिचा आकार दर पावलाला दुप्पट होतो. पाच आदानांना ३२ शब्द पुरतात, सोळांना ६५,५३६ लागतात. मोठ्या कामांसाठी पीएलए आणि पीएएल या खास तर्कजालाच्या चिप्स आल्या त्या याच कारणाने. प्रॉममध्ये अँडची फळी ठरलेली आणि ऑरची फळी बदलता येणारी असते, पीएएलमध्ये याच्या उलट, आणि पीएलएमध्ये दोन्ही बदलता येतात.

या चिपमधला बिट म्हणजे धातूची एक बारीक फ्यूज. जास्त प्रवाह देऊन ती वितळवायची, म्हणजे तो बिट कायमचा पालटतो. चिप बर्न करणे हा शब्दप्रयोग पुढे सगळ्याच प्रकारांना लागू झाला, पण खरोखर जळते ते इथेच. प्रॉमची कल्पना १९५६ मध्ये वेन त्सिंग चाऊ यांनी अॅटलस क्षेपणास्त्राच्या संगणकासाठी मांडली होती. उड्डाणाचे आकडे जागेवरच भरता यावेत आणि वितळलेले पुन्हा बदलू नयेत, अशी ती गरज होती. निक्रोमच्या जुन्या फ्यूजमध्ये तुटलेला दुवा कालांतराने पुन्हा जुळण्याचा दोष आढळत असे. आमच्या चिपमध्ये तसे काही दिसले नाही. चालू असताना ती हाताला चांगलीच गरम लागते, पण ५० नॅनोसेकंदांच्या आत उत्तर देणाऱ्या बायपोलर चिपकडून ते अपेक्षितच आहे.

२६ जानेवारी

आज मुख्य चिप घेतली. २७६४ मध्ये ८,१९२ बाइट, म्हणजे ६५,५३६ बिट असतात. ५.० व्होल्टला पाच वेळा वाचले आणि पाचांतून तीन वेगळ्या फायली मिळाल्या. एकूण १४ बिट असे निघाले की जे एका वाचनात ० आणि दुसऱ्यात १ येतात.

प्रोग्रामच्या शेवटच्या दोन बाइटांत, म्हणजे १एफएफई आणि १एफएफएफ या पत्त्यांवर, त्याआधीच्या सर्व बाइटांची सोळा बिटांची बेरीज साठवलेली आहे. सुरू होताना यंत्र हीच बेरीज करून पाहते आणि ती न जुळल्यामुळेच थांबते. माझ्या पाचांपैकी एकाही वाचनाची बेरीज त्या आकड्याशी जुळत नाही. डळमळणाऱ्या चौदा बिटांना ० धरून पाहिले, तरीही फरक उरला. याचा अर्थ असा की कुठेतरी एखादा बिट न डळमळता, ठामपणे चुकीचा आहे. पाच वेळा सारखे आलेले उत्तरही चुकीचे असू शकते, हे आज प्रत्यक्ष पाहायला मिळाले. एकाच व्होल्टेजला शंभर वेळा वाचूनही तो बिट सापडला नसता.

२८ जानेवारी

पुढे काही करण्यापूर्वी ईप्रॉमच्या पेशीचा विचार कागदावर मांडला, कारण वाचनाची दिशा तिथूनच ठरणार होती.

प्रत्येक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि त्याच्या नियंत्रक गेटखाली चहूबाजूंनी ऑक्साइडने वेढलेले एक फ्लोटिंग गेट. त्या गेटवर इलेक्ट्रॉन कोंडले की ट्रान्झिस्टर चालू होण्यासाठी लागणारे उंबरठा व्होल्टेज वाढते; वाचताना तो चालूच होत नाही आणि त्याला आपण ० म्हणतो. गेट रिकामे असेल तर तो सहज वाहू लागतो आणि १ मिळतो. म्हणूनच कोऱ्या चिपमध्ये सर्वत्र एफएफ दिसते. डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये इंटेलमध्ये ही पेशी साकारली. गेटची जोडणी तुटलेल्या सदोष चिप्सचा तपास करताना त्यांना ती सुचली होती. पहिली चिप १७०२, क्षमता २,०४८ बिट. दोषातच उपयोग दिसणे ही दुर्मीळ नजर होय.

आता मुद्दा असा आहे की भार गळतो तो एकाच दिशेने. कोंडलेले इलेक्ट्रॉन निसटतात, पण बाहेरचे आपोआप आत शिरत नाहीत. त्यामुळे म्हातारी होणारी ईप्रॉम ० चा १ करते, १ चा ० करत नाही. दुसरे असे की वाचताना नियंत्रक गेटवर जे व्होल्टेज येते ते पुरवठ्याचेच असते. अर्धवट गळलेल्या पेशीचा उंबरठा ४.९ व्होल्टवर आला असेल, तर ५.० व्होल्टला ती वाहते आणि १ म्हणते, पण ४.५ व्होल्टला ती बंद राहते आणि आपले जुने खरे उत्तर, म्हणजे ०, देते. म्हणून क्षीण झालेल्या ईप्रॉमला जास्त नव्हे, कमी व्होल्टेज द्यायला हवे. अशक्त दिसणाऱ्या चिपचा पुरवठा वाढवून पाहण्याचा मोह होतो, आणि त्याने नेमके उलट घडते.

हा तर्क पडताळून पाहिला. ५.२५ व्होल्टला ६१ बिट डळमळले, ५.० ला १४, ४.७५ ला ३. ४.५ व्होल्टला वीस वाचने घेतली आणि वीसही सारखी निघाली. ४.२५ आणि ४.० व्होल्टला तीच फाइल पुन्हा मिळाली. ३.७५ व्होल्टला मात्र चिपची स्वतःची अंतर्गत मंडलेच कोलमडली आणि निव्वळ कचरा आला. ४.५ ते ४.० या पट्ट्यातल्या फाइलची बेरीज साठवलेल्या आकड्याशी अचूक जुळली.

मग ५.० व्होल्टची वाचने या फाइलशी बिट-बिट ताडून पाहिली. जिथे जिथे फरक आहे तिथे जुन्या वाचनात १ आणि नव्यात ०. उलट दिशेचा फरक एकही नाही. व्होल्टेज बदलण्याची सोय नसती तर अनेक वाचनांचा आपसात अँड करूनही बरेच बिट परत मिळाले असते, पण तो ठाम चुकणारा बिट तेवढ्याने सुटला नसता.

१ फेब्रुवारी

आता फाइल खात्रीची असल्यामुळे तिचा नकाशा काढायला घेतला. पत्ता ०००० वर ०२ हा बाइट आहे, म्हणजे लांब उडीची सूचना. ८०३१ जागा होतो तो इथे. त्यानंतर इंटरप्टच्या, म्हणजे चालू काम थांबवून घ्यायच्या तातडीच्या कामांच्या जागा, मग प्रोग्राम, मग फलकावरचे संदेश. १ए४० पासून पुढे १एफएफडीपर्यंत १,४७० बाइट कोरे आहेत.

मला शोधायचा होता तो थर्मोकपलचा, म्हणजे तापमानानुसार व्होल्टेज देणाऱ्या दोन धातूंच्या जोडाचा, तक्ता. के प्रकारच्या थर्मोकपलचे व्होल्टेज तापमानाशी सरळ रेषेत वाढत नाही. १०० अंश सेल्सिअसला ते ४.०९६ मिलिव्होल्ट असते आणि ५०० अंशांना २०.६४४. हे वळण गणिताने सोडवत बसण्यापेक्षा ठरावीक टप्प्यांवरचे आकडे रॉममध्ये ठेवायचे आणि मधल्या जागा अंतराच्या प्रमाणात भरायच्या, हा आठ बिटांच्या प्रोसेसरला झेपणारा मार्ग आहे. आकडे दहा मायक्रोव्होल्टच्या एककात असतील असे गृहीत धरून ४१० आणि २०६४, म्हणजे षोडशमानात (सोळाच्या पायावरच्या अंकलेखनात) ०१ ९ए आणि ०८ १०, असे बाइट शोधले. दोन्ही सापडले आणि त्यांच्यात बरोबर १६ बाइटांचे अंतर निघाले. दोन बाइटांची एक नोंद धरली तर आठ नोंदी, म्हणजे ५० अंशांचा टप्पा. सगळा तक्ता ० ते १३०० अंशांचा, २७ नोंदींचा आणि जेमतेम ५४ बाइटांचा आहे.

ठामपणे चुकणारा तो बिट याच तक्त्यात होता, आणि तोही ५०० अंशांच्या नोंदीत. १० या बाइटचा सर्वांत वरचा बिट ५.० व्होल्टला १ येत होता, म्हणजे ०८ १० च्या जागी ०८ ९०, म्हणजेच २०.६४ मिलिव्होल्टच्या जागी २१.९२. हिशेब करून पाहिला. ४५० अंशांची नोंद १८.५२ ची आहे. भट्टी खरोखर ५०० अंशांवर असताना यंत्राने १८.५२ आणि २१.९२ यांच्यात २०.६४ बसवून सुमारे ४८१ अंश दाखवले असते आणि भट्टी आणखी तापवत नेली असती. ३०० अंशांवर किंवा ७०० अंशांवर सगळे ठीक दिसले असते. सुरुवातीच्या बेरजेची तपासणी ज्याने प्रोग्राममध्ये घातली, त्याने हे यंत्र चालू न देऊन आपले काम चोख बजावले आहे.

५ फेब्रुवारी

९३सी४६ वाचली. हिला समांतर वाहिन्या नाहीत. घड्याळाच्या तालावर एकेक बिट आत-बाहेर जातो. आरंभाचा १, मग वाचनाची आज्ञा १०, मग सहा बिटांचा पत्ता, आणि उत्तरात एक निरर्थक ० येऊन मग सोळा बिट. ६४ शब्दांत सगळा संसार. वीज आल्यावर ही चिप लेखनासाठी बंदच असते आणि मुद्दाम परवानगीची आज्ञा दिल्याशिवाय काहीही लिहू देत नाही, ही खबरदारी चांगली आहे.

ईईप्रॉममध्येही फ्लोटिंग गेटच असते. फरक असा की तिथे ऑक्साइडचा एक भाग इतका पातळ, सुमारे १० नॅनोमीटरचा, ठेवलेला असतो की पुरेसे विद्युत क्षेत्र दिले की इलेक्ट्रॉन त्यातून बोगदा काढावा तसे आरपार जातात, आणि दोन्ही दिशांनी जातात. त्यामुळे पुसायला अतिनील दिवा लागत नाही आणि एकच शब्द बदलता येतो. मात्र प्रत्येक फेरीत त्या पातळ थराची थोडी झीज होते आणि जुन्या चिप्ससाठी १,००,००० फेऱ्या ही साधारण मर्यादा धरली जाते.

हा आकडा आठवला आणि मी प्रोग्राममध्ये लेखनाच्या आज्ञा कुठे आहेत ते शोधले. अंशांकन बदलताना लेखन होते, ते योग्यच आहे. पण वापराचे तास मोजणारा एक गणकही दर सहा मिनिटांनी एकाच शब्दात लिहिला जातो. दिवसाला २४० फेऱ्या, म्हणजे अखंड चालवले तर १,००,००० फेऱ्या ४१७ दिवसांत संपतात. त्या शब्दात आज ४१,८७३ हा आकडा आहे; पण सोळा बिटांचा गणक ६५,५३५ नंतर पुन्हा शून्यावर येतो, तेव्हा खरा आकडा १,०७,४०९ किंवा त्याहून मोठाही असू शकेल. अंशांकनाचे शब्द वेगळ्या पेशींमध्ये आहेत आणि ते वेगवेगळ्या व्होल्टेजना स्थिर वाचले गेले. तरीही हा गणक असाच चालू ठेवायचा नाही, असे ठरवले. तोच आकडा सोळा शब्दांत फिरता ठेवला असता तर आयुष्य सोळापट झाले असते, पण दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये तेवढी घुसखोरी मला करायची नाही.

९ फेब्रुवारी

हाताशी असलेल्या एका जास्तीच्या २७६४ए वर पुसण्याचा आणि लिहिण्याचा प्रयोग केला. मूळ चिपला हात लावण्यापूर्वी हे करून पाहणे आवश्यक होते.

पुसण्यासाठी २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश लागतो. त्याच्या एका कणाची ऊर्जा सुमारे ४.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे कोंडलेल्या इलेक्ट्रॉनला ऑक्साइडची भिंत ओलांडायला पुरेशी. साधारण ४०० नॅनोमीटरच्या वरच्या प्रकाशाला हे जमत नाही, म्हणून सामान्य दिव्याखाली चिप पटकन पुसली जात नाही; पण सूर्यप्रकाशात आणि ट्यूबलाइटमध्ये त्याखालच्या लहरींचा थोडा अंश असतोच. डेटाशीटमधले इशाऱ्याचे आकडे असे आहेत की थेट उन्हात साधारण आठवडाभरात आणि खोलीतल्या ट्यूबलाइटखाली सुमारे तीन वर्षांत मजकूर जाऊ शकतो. आमच्या नियंत्रकाची पट्टी गळून किती दिवस झाले असतील, याचा अंदाज यावरून बांधता येतो. खिडकी क्वार्ट्झची असते तीही याचसाठी. साधी काच २५३.७ नॅनोमीटरचा प्रकाश अडवते.

पुसण्याची मात्रा दर चौरस सेंटिमीटरला १५ वॉट-सेकंद. दिव्याची तीव्रता १२,००० मायक्रोवॉट असेल तर १,२५० सेकंद, म्हणजे २१ मिनिटांच्या आसपास. दिवा बंद पेटीतच पेटवला, कारण हा प्रकाश डोळ्यांना इजा करतो. दहा मिनिटांनी काढून ५.० व्होल्टला वाचली तर सर्वत्र एफएफ. पण तीच चिप ४.२५ व्होल्टला वाचल्यावर शेकडो बिट ० निघाले. अर्धवट पुसलेली पेशी वरच्या व्होल्टेजला कोरी भासते. म्हणजे नियम असा लागला की चिप कोरी आहे का हे कमी व्होल्टेजला तपासावे आणि लिहिलेले पक्के आहे का हे जास्त व्होल्टेजला. २७६४ए च्या लेखनपद्धतीत तपासणी ६ व्होल्टला करायला सांगतात, त्यामागचे कारणही हेच.

लिहिताना २७६४ए ला १२.५ व्होल्ट लागतात आणि साध्या २७६४ ला २१. शेवटचे ते एक अक्षर न वाचता २१ व्होल्ट दिले तर चिप तत्काळ निकामी होते. मूळ चिपवर ते अक्षर नाही.

१५ फेब्रुवारी

मूळ चिपवरच तोच मजकूर पुन्हा लिहून गळलेला भार भरून काढता येईल, न पुसता. पण २१ व्होल्टचा ताण जुन्या चिपला द्यायचा आणि काही बिनसले तर पुरावाच नष्ट व्हायचा, हे मला पटले नाही. पर्यायी चिप बसवायची असे ठरले.

फ्लॅशचा, म्हणजे गठ्ठ्यागठ्ठ्याने विजेने पुसता येणाऱ्या स्मृतीचा, विचार झाला. तोशिबामध्ये फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये मांडलेली नॉर फ्लॅश आणि १९८७ मधली नँड फ्लॅश यांपैकी नँड इथे बसतच नाही. ती पानापानाने वाचावी लागते, तिच्यात खराब गठ्ठे गृहीतच धरलेले असतात आणि चूकदुरुस्तीचे गणित सोबत लागते, तर ८०३१ ला मागेल तो बाइट तत्काळ हवा असतो. नॉर चालली असती, पण सहज मिळतात त्या चिप्स ३२ पिनांच्या आहेत आणि ८ किलोबाइटसाठी वेगळा अडॅप्टर करणे म्हणजे मुंगीसाठी हौद बांधण्यासारखे झाले असते.

२८सी६४बी ही समांतर ईईप्रॉम मात्र २७६४ च्या जागी जशीच्या तशी बसते. सॉकेटमध्ये मोजून पाहिले तर पिन १ आणि २७ दोन्ही ५ व्होल्टला बांधलेल्या आहेत. २७६४ मध्ये २७ ही पिन लेखनस्पंदाची असते आणि २८सी६४बी मध्ये लेखनाची परवानगी देणारी. ती वरच बांधलेली असल्याने या सॉकेटमध्ये चिपवर काहीही लिहिले जाणे शक्य नाही. हे बंधन मला सोयीचेच वाटते. १९९८ मध्ये आलेल्या सीआयएच विषाणूने २६ एप्रिल १९९९ रोजी अनेक संगणकांची बायॉस, म्हणजे संगणक सुरू करणारा प्रोग्राम, पुसून टाकली, ती फ्लॅशचा लेखनमार्ग प्रोग्रामसाठी उघडा राहिला होता म्हणूनच. इथे तो मार्ग तांब्यानेच बंद आहे.

वेगाचा प्रश्न किरकोळ आहे. ११.०५९२ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर ८०३१ पत्ता दिल्यापासून सुमारे ३३७ नॅनोसेकंद वाट पाहतो. जुनी चिप २५० ची होती, नवी १५० ची आहे.

१८ फेब्रुवारी

तासांचा गणक बंद केला. त्याला बोलावणारी सूचना १२ ०बी ४सी या तीन बाइटांची आहे. तिच्या जागी ०० ०० ०० लिहिले. ८०३१ मध्ये ०० म्हणजे काहीच न करता पुढे जा. बेरीज १८ + ११ + ७६ = १०५ ने घटली, म्हणून शेवटच्या दोन बाइटांतला आकडाही तेवढ्याने कमी केला.

इथे थोडे विषयांतर, केवळ कुतूहलापोटी. हीच दुरुस्ती जुन्या ईप्रॉमवर, न पुसता करता आली असती का? लिहिताना १ चा ० होतो, म्हणून कोणताही बाइट ०० करता येतो. सूचना रद्द करणे सोपे आहे. अडचण बेरजेची आहे, कारण नव्या आकड्यात कुठेतरी ० चा १ करावा लागू शकतो. पण बेरीज सोळा बिटांची असल्याने ती ६५,५३६ ने कमी झाली की जशीच्या तशी राहते. १०५ आधीच कमी झाले आहेत, उरले ६५,४३१. कोऱ्या जागेतले २५६ बाइट एफएफवरून ०० केले की ६५,२८० कमी होतात आणि आणखी एक बाइट एफएफवरून ६८ केला की उरलेले १५१. एकूण २५७ बाइट, आणि कोरी जागा १,४७० बाइटांची. दुरुस्ती जमली असती.

२३ फेब्रुवारी

नवी चिप लिहिली, ४.५ आणि ५.५ व्होल्टला वाचून फाइलशी ताडली आणि सॉकेटमध्ये बसवली. यंत्र सुरू झाले. दोषाची सूचना आली नाही.

थर्मोकपलच्या जागी मिलिव्होल्टचा स्रोत जोडला. जोडणीच्या टोकांचे तापमान २५ अंश होते, तेव्हा के प्रकारासाठी १.००० मिलिव्होल्ट वजा करून १९.६४ दिले आणि फलकावर ५०० उमटले. ४५० पासून ५५० पर्यंत पाच-पाच अंशांनी चढत गेलो. कुठेही उडी दिसली नाही. दोन तास चालवून ९३सी४६ पुन्हा वाचली. गणकाचा शब्द ४१,८७३ वरच होता आणि अंशांकनाचे शब्द अबाधित होते.

मास्क रॉम आणि ८२एस१२३ मूळच्याच ठेवल्या आहेत. चारही चिप्सच्या फायली, त्यांच्या बेरजा आणि २३१६ च्या तीन निवड-पिनांच्या पातळ्या एकत्र नोंदवून दोन ठिकाणी जपून ठेवल्या. मूळ २७६४ च्या खिडकीवर दुहेरी पट्टी लावून ती प्रतिस्थितिक डबीत ठेवली आणि डबीवर लिहिले: ‘२७६४, लेखन २१ व्होल्ट. वाचन ४.२५ व्होल्टलाच करावे.’